हवालदार काकांचे तीन प्रश्न

माझ्या पिठाच्या चक्कीत एकदा वानरं शिरली. आमच्या ढाणकी गावाला वानरांचं नवल नाही, पण ती आपली पत्र्यावर नाचतात आणि निघून जातात. ही मंडळी सहकुटुंब आत आली. थोरला हुप्प्या तराजूच्या पारड्यात बसून ज्वारी खात होता, त्याची बायको पोराला पोटाशी धरून गव्हाचे डबे उघडून बघत होती, आणि मी स्टुलावर उभी. मी समोरच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "हवालदार काका, लवकर या हो."

काका आले. धावतच आले. पण माझ्या उंबरठ्याशी पाय जोडून थांबले.

"बोलावलं कोणं?"

"मी बोलावलं ना. दिसून नाई राह्यलं का?"

"आपलं काय हाये त्यात?"

"तो हुप्प्या खाऊन राह्यला ते तुमचीच ज्वारी हाये काका. निर्मलाकाकू आत्ताच ठेवून गेल्या."

काकांनी मान हलवली. एवढ्यावर तरी ते आत येतील असं मला वाटलं. पण अजून तिसरा प्रश्न बाकी होता. "आत आलो तं वापस कवा?"

आता वानरं शिरलेल्या चक्कीतून परत निघायची वेळ कोण सांगणार? मी स्टुलावरून काहीबाही बोलले, ते काकांना पटलं नाही, आणि ही चर्चा चालू असताना वानरं पोटभर खाऊन मागच्या खिडकीतून निघूनही गेली. काका समाधानाने म्हणाले, "पाह्य शोभा. त्यायचा अंतर्गत मामला व्हता. आपसात सुटला." मी झाडू घेतला. अंतर्गत मामल्याचा केर सगळ्या चक्कीभर झाला होता.

यशवंत इंगोले हे त्यांचं नाव, पण ते फक्त मतदार यादीत. गावासाठी ते हवालदार काका. फौजेत नोकरी केली आणि त्यातला काही काळ ते आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेत होते. त्या देशाचं नाव काका घेत नाहीत. "तिकडे" म्हणतात. तिकडे दोन टोळ्या भांडत होत्या आणि आपली पलटण निळ्या टोप्या घालून मधे उभी होती. मारायचं नाही, पळायचंही नाही, नुसतं मधे उभं राहायचं. ही नोकरी जगात सगळ्यात अवघड, असं काका सांगतात. ज्या बाईने सासू आणि नणंद यांच्यामधे संसार केला तिला हे वेगळं सांगायला नको.

ती निळी टोपी अजून घरात खुंटीवर आहे. गल्लीतलं भांडण मिटवायला काकांना बोलावलं की आधी तीन प्रश्न होतात. बोलावलं कोणं, आपलं काय हाये त्यात, वापस कवा. तिन्ही उत्तरं पटली तरच टोपी डोक्यावर चढते. आणि बोलावणं दोन्ही बाजूंचं लागतं. एकाच बाजूने बोलावलं तर काका म्हणतात, ही मदत नाही, ही चढाई. निर्मलाकाकूंचं म्हणणं असं की हा माणूस सकाळची वंदना झाल्यावर स्वतःच्या स्वयंपाकघरात येताना सुद्धा दारात खोकतो. "जगाची परवानगी घेते," काकू म्हणतात, "अन् भाजी कोन्ती करू इचारलं तं तुमचा अंतर्गत मामला म्हणते."

माझा स्वभाव अगदी उलटा. गल्लीत भांडण झालं की मी चक्कीचा पट्टा बंद करून पीठभरल्या हातांनी पोचते. मला कोणी बोलावलं नव्हतं, हे मला घरी परत आल्यावर आठवतं.

काकांचा निःपक्षपातीपणा म्हणजे पाहण्यासारखा कार्यक्रम असतो. सांडपाण्यावरून दोन घरांचं वाजलं होतं तेव्हा काकांनी दोन्हीकडे अर्धा-अर्धा कप चहा घेतला. पूर्ण कप एकीकडे घेतला तर दुसरी बाजू फिरंट होते, हे तिकडचं शिक्षण. नालीची दिशा ठरली, दोन्ही घरांचे हात जोडून झाले, आणि काका निरोप घेताना सहज म्हणून गेले की चहा चांगला झाला होता. दुसऱ्या बाईने लगेच विचारलं, कोणाचा? मग कळलं की पहिलीने वेलची टाकली होती. तह तिथेच मोडला. नाली अजून तशीच वाहते, आणि तेव्हापासून काका वाटाघाटीला स्वतःचं पाणी घेऊन जातात.

बसस्टँडसमोरच्या टपरीवर मात्र काकांचं फार चालत नाही. तिथे रोज सकाळी देशाचं सैन्य कुठे ना कुठे पाठवलं जातं. जगात कुठेही लढाई पेटली की राठोड गुरुजी मोबाइलवर नकाशा उघडतात आणि चहा उकळायच्या आत आपली पलटण तिथे उतरवतात. गुरुजी निवृत्त झाले, पण छडी सुटली नाही. त्यांचं म्हणणं, शेजारी घर जळत असताना आपण दाराला कडी लावून बसायचं का? मोठा देश म्हणवतो तर मोठ्यासारखं वागावं, दुनिया आपल्याकडे पाहून राह्यली. यात खोटं काही नाही. काकाही खोटं म्हणत नाहीत. ते फक्त चहाची बशी खाली ठेवून तीन प्रश्न विचारतात, आणि गुरुजींचं विमान धावपट्टीवरच थांबतं.

एकदा तर मजाच झाली. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात गडबड चालू होती आणि टपरीवरचे सगळे तूरवाले शेतकरी सैन्य पाठवायला एका पायावर तयार होते. माणुसकी म्हणून जायलाच पाह्यजे, असं जो तो म्हणत होता. काकांनी शांतपणे माहिती दिली की त्याच देशातून आपल्याकडे जहाज भरून तूर येते. तिथे शांतता झाली तर जास्त येईल. म्हणजे इथला भाव पडेल. कोणीतरी घसा साफ करून म्हणालं की दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं बरं नाही. पाहता पाहता सगळी फौज माघारी आली. एकटे गुरुजी नकाशावर बोट ठेवून बसून राहिले, आणि मग काकाच त्यांच्या शेजारी जाऊन बसले. तिकडे आमच्या पलटणीनं रस्ता बांधला होता, काका म्हणाले, गावातल्या गुराढोरांना औषधं दिली होती, पोरांना कबड्डी शिकवली होती. गेलो ते वाया गेलं असं नाही गुरुजी. मला तेव्हा नवल वाटलं. गुरुजी आणि काका एकाच बाजूचे आहेत असं कधी वाटलं नव्हतं.

आणखी एक खोड सांगायची राहिली. बाजाराच्या दिवशी काका भुईमुगाच्या शेंगा घेतात. बाकी बाजारात ते वांगं सुद्धा उलटसुलट करून, कुठलं, कोणाच्या वावरातलं, केव्हा तोडलं असं विचारून घेतात. पण टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून शेंगा घेताना एक शब्द नाही. ती म्हणेल ते, ती देईल तेवढ्या. मग त्या गल्लीतल्या पोरांना वाटतात. स्वतः एक खात नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, दात. त्यांचे दात बैलासारखे मजबूत आहेत, ऊस सोलतात त्यांनी.

आता पूजाच्या लग्नाचं सांगते.

आमच्या गल्लीच्या टोकाला दिगंबर आणि प्रल्हाद या दोन भावांची घरं आहेत, अंगण एक. पूजा ही दिगंबरची मुलगी, पण लहानपणी ती चुलत्याच्याच खांद्यावर वाढली. प्रल्हादच्या घरी मूलबाळ नाही. दोघा भावांत एक बैलजोडी होती, आणि दिगंबरने ती प्रल्हादला न विचारता बाजारात नेऊन विकली, ट्रॅक्टर आहे तर बैल कशाला म्हणून. प्रल्हाद पोळ्याला त्या बैलांच्या शिंगांना रंग द्यायला तासन् तास बसायचा. तो भांडला नाही. त्याने अंगणाच्या मधोमध तारेचं कुंपण घातलं आणि भावाशी बोलणं बंद केलं.

पूजाचं लग्न ठरलं, मुलगा फुलसावंगीचा. दिगंबर-प्रल्हादच्या घरची रीत अशी की मांडवाचा पहिला खांब सगळ्या भावांनी मिळून रोवायचा. आता अंगणात तार आणि भावांत अबोला. दिगंबरने उमरखेडला कार्यालय बघायला घेतलं. पूजाने सांगितलं की प्रल्हादकाका खांबाला हात लावणार नसेल तर लग्नच नको. पोरगी हट्टी आहे, आणि आमच्या गल्लीत हट्टी पोरीचं म्हणणं खरं करायची पद्धत आहे. तारीख जवळ येत होती, मुलाकडचे विचारत होते, आणि सोयरीक मोडते की काय अशी पाळी आली.

अर्थात मी गेले. न बोलावता. दिगंबरने मला चहा दिला आणि म्हणाला, वहिनी, चक्की चालू राहिली असंन. प्रल्हादने चहाही दिला नाही.

मग एका दुपारी पूजा हवालदार काकांच्या फाटकाशी आली. मला चक्कीतून सगळं दिसत होतं, आणि पट्टा बंद केल्यावर ऐकूही येत होतं.

"बोलावलं कोणं?" काकांनी विचारलं.

"मीच बोलावून राह्यली ना."

"तू कोन्ती पार्टी? बापाची का काकाची?"

"मी कोन्तीच नाई. मी मधातली हावो."

काकांनी तिला समजावून सांगितलं. भांडण दोघा भावांचं, दोघांनीही बोलावलं पाहिजे. असं मधल्या माणसाने बोलावलं म्हणून कोणी कोणाच्या अंगणात शिरायला लागलं तर मग जो तो शिरेल. बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा ठणठणीत नव्हता. पूजा ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मंग मी कोणापाशी जाऊ, काका?"

काका आत गेले आणि दार लोटून घेतलं. पूजा तिथेच फाटकाला टेकून खाली बसली.

मला संताप आला. मी रस्ता ओलांडणार एवढ्यात निर्मलाकाकू मागच्या दाराने निघून माझ्याकडे आल्या. हातात डबा होता, डब्यात काही नव्हतं. स्टुलावर बसल्या आणि मी न विचारता सांगायला लागल्या.

तिकडे छावणीच्या फाटकावर काकांचा पहारा असायचा. एक बाई रोज शेंगा विकायला यायची, सोबत तिची लहान मुलगी. भाषा कळत नव्हती. ती ओंजळीने शेंगा द्यायची, हे घ्यायचे, मुलगी हसायची. एका दुपारी ती बाई टोपली न घेताच आली. गावाकडे हात करून, चला, चला, असं करत होती. गावावर टोळी येत होती. साहेबांनी वर विचारलं. वरून उत्तर आलं की तिथल्या सरकारचं बोलावणं येईपर्यंत फाटकाबाहेर पाऊल टाकू नका. बाई उभी राहिली, उभी राहिली, मग मुलीचा हात धरून परत गेली. परवानगी दुसऱ्या दिवशी आली. पलटण पोचली तेव्हा गाव रिकामं होतं, दारं उघडी.

"साहेबाचं चुकलं असं ते कधी म्हणत नाई," काकू म्हणाल्या. "हुकूम बराबर व्हता म्हणते. पण ते माय-लेक कुठं पोचल्या का नाई पोचल्या, तेच कळलं नाई शोभा. मेल्या असं कोणी सांगतलं असतं तं रडून मोकळा झाला असता माणूस."

मी त्यांच्या हातातला रिकामा डबा घेऊन उगाच पुसत बसले.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. काका बाहेर आले, बोडक्या डोक्याने. टोपी खुंटीवरच होती. पूजाला उठ म्हणाले आणि गल्लीच्या टोकाकडे चालू लागले. मी आणि काकू मागोमाग, आणि आमच्या मागे ज्याच्या ज्याच्या लक्षात आलं तो.

दिगंबर अंगणात खाट टाकून पडला होता. तारेच्या पलीकडे प्रल्हाद त्याच्या बाजूला राहिलेला ट्रॅक्टर पुसत होता. काका सरळ आत शिरले आणि तारेपाशी जाऊन उभे राहिले. दिगंबर उठून बसला. सगळ्या गल्लीला पाठ असलेला प्रश्न त्याच्याही तोंडावर आला.

"तुमाले बोलावलं कोणं, काका?"

लोक हसले. प्रल्हादही हसला असावा, कारण त्याने तोंड फिरवलं.

"पोरीनं," काका म्हणाले.

"ते कोन्ती पार्टी हाये?" हे पलीकडून प्रल्हाद.

"हेच मी तिले इचारलं. चुकलं माझं. घर तिचं हाये बाप्पा. पार्ट्या तं तुमी दोघं." काकांनी तारेवर हात ठेवला. "एकदा अशीच एक फाटकावर आलती. मी परवानगीची वाट पाहत बसलो. आता नाई पाहत."

ही गोष्ट दोघा भावांना ठाऊक नव्हती, पण काकांचा चेहरा त्यांना दिसत होता. दिगंबरने हळूच विचारलं, "मंग वापस कवा?"

"मांडव उभा राह्यल्यावर," असं म्हणून काका तिथेच दगडावर बसले.

बसले ते बसलेच. काकूंनी डबा आणून दिला. शेवटी दोघे भाऊ कंटाळून एका गोष्टीला तयार झाले, की एकदा गोवऱ्यांच्या राखेत भाजलेल्या रोडग्यांचं आणि वांग्याच्या भाजीचं जेवण करू. एकत्र नाही. आपापल्या बाजूला, पण एकाच वेळी. मग बघू.

इथे काकांच्या अंगात पलटण संचारली. दोन्ही बाजूंना एकच गहू पाहिजे म्हणून त्यांनी माझ्याकडून एकाच पोत्यातलं जाडं पीठ दळून घेतलं आणि दळताना माझ्या डोक्याशी उभे राहिले. गोवऱ्या सारख्या आकाराच्या निवडल्या. वांगी एकाच झाडाची मिळतात का, असं त्यांनी भाजीवालीला विचारलं तेव्हा ऊन लागलं समजून तिने त्यांना पाणी पाजलं. तारेच्या दोन्ही बाजूंना, बरोबर सारख्या अंतरावर, दोन आगट्या पेटल्या. गल्ली बघायला जमली. राठोड गुरुजी खुर्ची घेऊन आले.

काकांनी सगळं सारखं केलं, पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. आजवर त्या घरात रोडगे भाजायचे ते प्रल्हादने. दिगंबरने जन्मात आगटीला हात लावला नव्हता. तो फक्त खायला बसायचा. प्रल्हादचे रोडगे राखेत शांतपणे फुगत होते, आणि इकडे दिगंबरने भडकत्या जाळातच सगळे टाकून दिले. वर फुंकणीने फुंकायला लागला. धूर असा झाला की गुरुजींची खुर्ची दिसेना. एक रोडगा कोळसा झाला, दुसरा पेटला, तिसरा आगटीतून निसटून चालता झाला आणि त्याच्यामागे कुत्रं. काका दोन्ही आगट्यांच्या मधे उभे राहून हताशपणे म्हणत होते की मदत करता येत नाही, नाहीतर एका बाजूला झुकतं होईल.

प्रल्हादने बराच वेळ सहन केलं. मग हातातला चिमटा घेऊन तो उठला, तारेवरून पाय टाकला, धोतराचा सोगा तारेत अडकून टर्रकन फाटला, तरी थांबला नाही.

"सरक," तो भावाला म्हणाला. "तुले आग नाई समजत. बैल बी नाई समजत."

"नाई समजत," दिगंबर म्हणाला. धुराने त्याचे डोळे वाहत होते, नुसत्या धुरानेच असं मी म्हणणार नाही. "मले इचारा लागत व्हतं तुले."

पुढचं मी सांगत बसत नाही. उरलेले रोडगे सगळ्या गल्लीने खाल्ले. पलीकडचे चांगले आणि अलीकडचे काळे, सारखेच संपले. तार प्रल्हादनेच गुंडाळली. काका वाटाघाटीचं पाणी घेऊन बसले होते, पण वाटाघाट कोणी केलीच नाही. मांडवाचा खांब दोघा भावांनी रोवला आणि तिसरा हात पूजाने काकांचा ओढून लावला. काका आधी मागे सरले, रीत भावांची आहे म्हणाले. मग लावला.

लग्न दणक्यात झालं. पाठवणीच्या वेळी दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते, त्यामुळे पूजालाच त्यांना गप्प करावं लागलं. गाडीत बसताना ती हवालदार काकांच्या पाया पडली. काकांनी खिशातून ओंजळभर शेंगा काढून तिच्या पदरात घातल्या आणि विचारलं, "वापस कवा?"

"तुमी बोलावलं का येतो," ती म्हणाली.

गाडी गेली. मांडवातली माणसं पांगली, आचारी भांडी घासायला लागले. काका तिथेच रस्त्यावर उभे. मी म्हटलं, काका, फुलसावंगीला तर गेली. इथून ओरडलं तरी ऐकू जाईल. चला, जेवून घ्या. ते म्हणाले, तू जेव. प्रल्हादने खुर्ची आणली, ती त्यांनी घेतली नाही. गुरुजी चिडवायला आले आणि त्यांच्या शेजारी नुसतेच उभे राहिले. मी मोबाइल हातात घेऊन उभी होते. पूजाला फोन करून गाडीतल्या गाडीत विचारावं असं दहादा मनात आलं, पण का कोण जाणे, केला नाही.

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. मी न बोलता तो काकांच्या कानाला लावला. पलीकडे सनई आणि गलका, आणि त्यातून पूजाचा आवाज मलाही ऐकू आला.

"काका, पोचली मी."

"पोचली?" काकांनी विचारलं.

"हो ना. सुखरूप पोचली."

काकांनी फोन मला दिला. आता त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि खाली बसले. खिसा चाचपला, तळाशी राहिलेली एक शेंग काढली, दाताने फोडली आणि सावकाश चावून खाल्ली.